मामा तलावाचं पाणी: आधी मोजा, मग दार उघडा

धान निसवायला येतं आणि नेमकी तेव्हाच पावसानं दडी मारली, की आमच्याकडे तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, वाद ठरलेला. शेतकरी म्हणतो दार उघडा, मासेमारी करणारे ढिवर बांधव म्हणतात मासोळी मरेल. दोघांचंही खरं असतं. पण तलावात पाणी किती आहे याचा आकडाच कुणाकडे नसतो, म्हणून ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे साडेसहा हजारांवर मामा, म्हणजे माजी मालगुजारी तलाव आहेत; मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, काळातले. मी गोंदिया जिल्ह्यात विज्ञान शिकवतो आणि गावच्या तलावाची नोंदवही ठेवतो. हे काम तुमच्याही गावात होऊ शकतं. कसं करायचं ते सांगतो.

सुरुवात पट्टीपासून करा. सेंटिमीटरच्या खुणा असलेली पट्टी तूबाच्या (पाणी सोडायच्या दाराच्या) दगडी बांधकामावर घट्ट बसवा, आणि शून्य बरोबर दाराच्या उंबऱ्याशी धरा. म्हणजे शून्याच्या वरचं पाणी पाटाला मिळू शकतं आणि खालचं तलावातच राहतं, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. त्याच पातळीची एक खूण जवळच्या पक्क्या दगडावर छिन्नीनं कोरून ठेवा. पट्टी सरकते, गुरं घासतात, पोरं ओढतात. पावसाळा संपला की गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन पट्टी आणि खूण जुळते का ते पाहा. नोंद रोज सकाळी साडेआठला घ्या. हवामान खात्याचा पावसाचा दिवसही तेव्हाच संपतो, त्यामुळे पातळी आणि पर्जन्यमापकाचा आकडा एकाच ओळीत लिहिता येतो. लाट असेल तर तिचा माथा आणि तळ दोन्ही वाचून मधला आकडा घ्या.

पातळी कळली तरी साठा कळत नाही, कारण तलावाचा तळ सपाट नसतो. इथे उपग्रह कामी येतो. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं साधारण दर ५ दिवसांनी फुकट मिळतात, आणि त्यातला एक ठिपका १० मीटरचा असतो. कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर तलाव शोधा, पाणी दाखवणारा एनडीडब्ल्यूआय निर्देशांक निवडा, काठावरून रेघ ओढा आणि क्षेत्रफळ वाचा. त्याच दिवशीची पट्टीची नोंद शेजारी लिहा. ऑक्टोबर ते मे अशा जोड्या जमवत गेलात की तुमच्या तलावाचा तक्ता तयार होतो. मात्र कमळ, शिंगाडा किंवा बेशरमीच्या झुडपांनी झाकलेलं पाणी या चित्रात जमिनीसारखं दिसतं. तो भाग डोंग्यातून फिरून, मोबाइलच्या जीपीएसवर स्वतः आखून घ्या.

आता हिशेब. समजा पट्टीवर १५० सेंमी असताना पाणी २० हेक्टरवर आहे आणि १०० सेंमीला १४ हेक्टरवर. सरासरी १७ हेक्टर गुणिले अर्धा मीटर, म्हणजे ८५,००० घनमीटर. एक हेक्टर धानाला ५ सेंमीची एक पाळी, म्हणजे एका वेळचं पाणी, द्यायला बांधीत (धानाच्या खाचरात) ५०० घनमीटर लागतात. कच्च्या पाटात एक तृतीयांश मुरतं असं धरलं तर दाराशी ७५० सोडावे लागतात. म्हणजे ते अर्धा मीटर पाणी सुमारे ११३ हेक्टरला एकदा पुरतं. हा आकडा सभेत फळ्यावर लिहा. वादाचं बोलणं तिथून वाटपावर येतं, हे मी पाहिलं आहे.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट मोजा: तलाव गळतो किती. दार बंद, पाऊस नाही, तरी पातळी उतरते. त्यातलं काही ऊन पितं. तेवढं वेगळं काढायला बाष्पीभवन पात्र लागतं: सुमारे १२१ सेंमी व्यासाचं, २५ सेंमी खोल, लाकडी चौकटीवर ठेवलेलं. गुरं-पाखरं पाणी पिणार नाहीत अशी जाळी लावा. पात्रातली घट गुणिले ०.७ हे तलावाचं ढोबळ बाष्पीभवन. पात्रात १० मिमी उतरलं तर तलावाचं ७. तलाव १२ नं उतरला असेल तर ५ मिमी मुरलं. १४ हेक्टरवर ते दिवसाला ७ लाख लिटर होतात. तलावाच्या बांधातून पाझर दिसतो का ते आधी तपासा. गाळ काढताना जेसीबीनं तळाची चिकणमाती खरवडली तरी मुरणं वाढतं, आणि पाणवनस्पतींचे कंदही उपटून जातात. म्हणून गाळ काढण्याआधीचे आणि नंतरचे आकडे वहीत असलेच पाहिजेत, आणि यंत्र किती खोल जाणार हे गावानं ठरवलं पाहिजे.

मासोळीसाठी २० सेंमी व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतकोरांची तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडा. ३० ते ४० सेंमीवर दिसेनाशी झाली तर ठीक. पाणी हिरवं असून २० च्या आतच हरवली, तर दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आधी विरघळलेला ऑक्सिजन तपासा. रात्रभर शेवाळही प्राणवायू घेतं, म्हणून पहाटेचाच आकडा खरा. लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली गेला की रोहू-कतला वर येऊन तोंड उघडू लागतात. त्या आठवड्यात दार उघडू नका.

आमच्या जिल्ह्यात सारस आहेत आणि ते पावसाळ्यात बांधीत किंवा तलावाच्या उथळ कडेला घरटं करतात. पाण्याची उंची एका रात्रीत बदलली तर अंडी बुडतात किंवा कुत्र्यांना वाट मिळते. घरटं दिसलं की त्या जागेची पाण्याची खोली वहीत लिहा आणि दार थोडं थोडं, दिवसांच्या अंतरानं उघडा.

सिंचनासाठी बांधलेले तलाव पाणथळ जागा जपण्यासाठीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांच्या व्याख्येतून वगळलेले आहेत. म्हणून किमान पातळी गावानंच ठरवावी लागते. ऑक्टोबरच्या सभेत शेतकरी, मच्छीमार संस्था आणि पाणकंद गोळा करणाऱ्या बाया, सगळ्यांना बोलवा, तक्ता समोर ठेवा, आणि ज्या आकड्यावर दार बंद व्हायचं तिथे पट्टीवर लाल रेघ ओढून घ्या.