घरच्या घरी स्वस्त एअर इनटेक

एअर इनटेक म्हणजे गाडीच्या इंजिनाला हवा पुरवणारी नळी आणि फिल्टर. आधी थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात किती हवा जाईल ते ठरवणाऱ्या झडपेच्या) तोंडाचा बाहेरचा व्यास मोजा. तेवढाच ॲल्युमिनियमचा पाइप, दोन सिलिकॉन कपलर (जोडनळ्या), चार क्लॅम्प आणि कोन (शंकूच्या आकाराचा) फिल्टर लागतो. पीव्हीसी स्वस्त पडतो, पण इंजिनाजवळच्या उष्णतेत मऊ पडून वाकतो, तो नकोच.

पाइप कापल्यावर कडा कानशीने घासा आणि आतून धुऊन पुसा. राहिलेला धातूचा कीस थेट सिलिंडरमध्ये जातो.

खरी गोम मास एअर फ्लो सेन्सरची, म्हणजे आत जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरची. तो ज्या नळीत बसतो तिचा आतला व्यास बदलला की हवेचं मोजमाप चुकतं आणि हवा-इंधनाचं मिश्रण बिघडतं. म्हणून मूळ नळीच कापून वापरा, तिच्यावरच्या बाणाची दिशा तीच ठेवा. सेन्सर आणि इंजिन यांच्यामध्ये कुठे हवा गळली, तर आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) वरखाली होतं. क्रँककेसची (इंजिनाच्या खालच्या भागाची) वाफ सोडणारी ब्रीदर नळी पाइपला परत जोडायला विसरू नका.

फिल्टर एक्झॉस्टपासून दूर, पत्र्याच्या आडोशाला ठेवा. उघडा ठेवलात तर गरम हवाच ओढेल. मग फिल्टरचा मूळ डबाच बरा. बंपरखाली फार उतरवलात तर साचलेलं पाणी ओढून इंजिनातला कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो. ताकद फारशी वाढत नाही, आवाज मात्र नक्की वाढतो.