डोंगरातल्या प्राण्यांची जनुके वाचायची आहेत? खानापूर-बेळगावच्या मुलामुलींसाठी

बेळगावात बीएस्सी करणारी मुले भेटली की हमखास एक प्रश्न येतो. "जंगलात फिरायलाही आवडतं आणि जेनेटिक्सही आवडतं, दोन्ही धरून काही करता येईल का?" येते. मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकून, बेळगावात झूलॉजी घेऊन याच कामाला लागले, म्हणून जे कळले ते लिहिते.

आधी विषयाचा गाभा, कारण नवीन मुले नेमकी तिथेच घसरतात. दोन डोंगरांवरच्या एकाच जातीच्या प्राण्यांत फरक दिसला की आपण लगेच म्हणतो, "परिस्थितीशी जुळवून घेतलं." दर वेळी तसे नसते. ओडिशाच्या सिमिलीपालमध्ये जाड, काळ्या पट्ट्यांचे वाघ आहेत. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यामागे टॅकपेप नावाच्या जनुकातला एक बदल सापडला. हा बदल तिथे इतका पसरला याचे मुख्य कारण म्हणजे तिथले वाघ थोडे आहेत आणि बाकीच्यांपासून तुटलेले आहेत. लहान गटात एखादे जनुक निव्वळ योगायोगानेही वाढत जाते, त्याला जेनेटिक ड्रिफ्ट म्हणतात. काळा रंग दाट जंगलात उपयोगी पडत असेलही, पण ते वेगळे सिद्ध करावे लागते.

सिद्ध करणे म्हणजे काय, ते पट्टकदंब हंसाच्या उदाहरणात दिसते. हिवाळ्यात गदग जिल्ह्यातल्या मागडी तलावावर जाल तर हे हंस थव्यांनी दिसतील. ते विरळ हवेतून हिमालय ओलांडून येतात. त्यांच्या हिमोग्लोबिनच्या, म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या प्रथिनाच्या, अल्फा साखळीत 119 व्या जागी प्रोलीनऐवजी अलॅनीन हे अमिनो आम्ल आहे. 1991 साली संशोधकांनी तोच बदल माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये करून पाहिला, तेव्हा ते ऑक्सिजन जास्त घट्ट धरू लागले. अमुक बदल, त्याचा अमुक परिणाम, असे दाखवता आले तरच अनुकूलनाबद्दल, म्हणजे परिस्थितीशी जुळवून घेण्याबद्दल, ठामपणे बोलावे. हा फरक पहिल्या वर्षीच डोक्यात बसला तर पुढची बरीच वणवण वाचते.

आता आपल्याकडचे. दक्षिणेत पालघाटची सुमारे 30-40 किलोमीटर रुंद खिंड सह्याद्रीची डोंगररांग तोडते, आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या कितीतरी प्राण्यांत जनुकीय फरक सापडले आहेत. निलगिरी आणि अण्णामलाईच्या हत्तींतसुद्धा. आपल्याकडे दक्षिणेइतकी उंची नाही, इतकी मोठी खिंडही नाही. आपल्याकडे आहेत सडे (कातळाचे सपाट माथे), खोल दऱ्या, कणकुंबी-आमगावचा धो धो पाऊस आणि अधूनमधून पसरलेली शेती. आंबोलीच्या सड्यावरचा बेडूक, झँथोफ्रिनी टायगरिना, 2009 साली नवी जात म्हणून नोंदला गेला. भीमगडच्या बारापेडे गुहेतले रॉटनचे वटवाघूळ 1913 मध्ये शास्त्राला कळले आणि कित्येक दशके जगात त्याचे तेवढेच ठिकाण माहीत होते. नंतर ते मेघालयात आणि कंबोडियात सापडले. एवढ्या अंतरावरच्या या वटवाघळांचे एकमेकांशी नाते किती जुने, हा प्रश्न जनुकेच सोडवू शकतात. दांडेलीकडून येऊन खानापूर, चंदगड, दोडामार्गच्या भातात आणि उसात शिरणाऱ्या हत्तींबद्दल आपले शेतकरी रोज बोलतात. ते हत्ती ओळखणे हेही जनुकशास्त्राचेच काम आहे, कारण हत्तीच्या लिदीतून त्याचा डीएनए मिळतो.

लीद किंवा विष्ठा गोळा करणे सोपे वाटते. पण आपल्या पावसाळ्यात नमुना एका रात्रीत वाहून जातो, आणि उन्हात पडून राहिला तर डीएनए तुटतो. म्हणून दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंत, शक्य तितका ताजा नमुना घ्यायचा. आतड्याच्या पेशी बाहेरच्या थरावर असतात, तेवढाच थर खरवडायचा. अशा नमुन्यात डीएनए थोडा असतो, त्यामुळे पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया) करताना जनुकाच्या दोनपैकी एक प्रत कधी कधी वाढतच नाही. मग आईकडून आणि बापाकडून आलेली वेगवेगळी जनुके असलेला प्राणी यंत्राला एकसारखी जनुके असलेला दिसतो. असे बरेच झाले की कळप जवळच्या नात्यात वीण होणारा वाटतो आणि अहवालात खोटीच धोक्याची घंटा वाजते. उपाय कंटाळवाणा आहे. एकच नमुना पुन्हा पुन्हा चालवायचा, सोबत डीएनए नसलेली कोरी नळी ठेवायची आणि ती कोरीच राहते का, म्हणजे बाहेरचा डीएनए मिसळला नाही ना, ते पाहायचे. मला हे काम मनापासून आवडते. ज्याला आवडत नाही त्याने संगणकावरच्या विश्लेषणाकडे वळावे, तिथेही माणसे हवीच आहेत.

संख्याशास्त्र मात्र कोणालाच चुकत नाही. प्रयोगशाळेतले हात सहा महिन्यांत तयार होतात, पण संभाव्यता आणि आर ही संगणकभाषा मुरायला वेळ लागतो. बीएस्सीतच सुरुवात करा. त्यासाठी फुकट साधने पुरतात. जेनबँक या इंटरनेटवरच्या संग्रहात जगभरातल्या बेडकांच्या डीएनएच्या नोंदी खुल्या आहेत. त्या उतरवून मेगा या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वंशवृक्ष काढून पाहा. घरबसल्या याहून चांगला सराव नाही.

परवानगीचा भाग कोणी नीट सांगत नाही. अभयारण्यातला साधा विष्ठेचा नमुनाही वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय उचलायचा नसतो. आपल्याकडे तीन राज्ये एकमेकांना भिडतात. प्राणी सीमा मानत नाहीत, पण कागद मानतात. एकाच जातीच्या अभ्यासासाठी बेंगळुरू, नागपूर आणि पणजी अशा तिन्ही ठिकाणी अर्ज करावे लागू शकतात आणि त्यात महिनोन्महिने जातात. म्हणून एमएस्सीच्या प्रबंधाला एकाच राज्यातला विषय घ्या. बोलण्याएवढे कन्नड शिकून घ्या. गार्ड आणि वॉचर मंडळींशी त्यांच्या भाषेत बोललात तर वाट, पाणवठा, ताजे ठसे सगळे कळते. आपल्याकडे गवळीवाड्यांवर मराठी, कोकणी चालते आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांना कुठला प्राणी कोणत्या महिन्यात कुठे असतो हे पाठ असते.

इंग्रजीची भीती मलाही होती. शोधनिबंध वाचताना आधी आकृत्या आणि त्यांखालच्या ओळी वाचायच्या, मग बाकीचे. हळूहळू सुटते.

पुढचे मार्ग बरेच आहेत. बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत वन्यजीवशास्त्राची एमएस्सी आहे, पण तिथे दर दोन वर्षांनी प्रवेश होतात, तेव्हा आपले वर्ष आधीच मोजून ठेवा. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेची लाकोन्स ही धोक्यातल्या प्राण्यांवर काम करणारी प्रयोगशाळा आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, दोन्हीकडे प्रकल्पांवर सहायक घेतात. एमएस्सीनंतर नेट-जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) मिळाले तर पीएचडीची पहिली दोन वर्षे महिना 37,000 रुपये आणि घरभाडे मिळते. घरच्यांना हा आकडा आधी सांगा, बोलणे सोपे जाते. बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला असाल तर जॅमची (आयआयटींसारख्या संस्थांतल्या एमएस्सीच्या प्रवेशाची) जीवतंत्रज्ञानाची परीक्षा फेब्रुवारीत असते आणि अर्ज साधारण सप्टेंबरात सुटतात. गणपतीच्या धामधुमीत ती तारीख हुकू देऊ नका.