तक्रार करायला वैमानिकच नाही

लष्करी ड्रोन दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये नवीन आलेल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: उडवायला कधी मिळेल? मिळत नाही. मोठी ड्रोन वापरणाऱ्या सैन्यांत सहसा उडवणारे वेगळे आणि दुरुस्त करणारे वेगळे. अमेरिकेच्या लष्करात बरीच वर्षं या दोन कामांचे क्रमांकसुद्धा वेगळे होते, उडवणारा १५-डब्ल्यू आणि दुरुस्ती करणारा १५-ई. उडवण्याच्या हौसेनं आलेली मुलं पहिल्या दोन महिन्यांत कंटाळतात. घरातलं घड्याळ उघडून बसणारी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते परत जोडून चालू करणारी, ती टिकतात. मी आठ वर्षं टिकलो.

या कामातली खरी अडचण एका वाक्यात सांगता येते. साध्या विमानाचा वैमानिक खाली उतरतो आणि म्हणतो, "डावीकडे ओढतंय", "सीटखाली थरथर जाणवते", "कसलातरी जळका वास येत होता". निम्मं निदान तिथंच होतं. ड्रोनमध्ये तो माणूसच नाही. उडवणारा कुठंतरी केबिनमध्ये पडद्यासमोर बसलेला असतो. त्याला आकडे दिसतात, थरथर जाणवत नाही. आणि आकडे फक्त तिथलेच मिळतात जिथं कोणीतरी सेन्सर बसवलेला आहे. क्लॅम्प सैल झालाय, पाइप कशालातरी घासतोय, बोल्टभोवती बारीक चीर गेलीय, यांना सेन्सर नसतो. त्यामुळे विमानाची तक्रार तुम्हालाच हातानं, नाकानं, कानानं काढून घ्यावी लागते. उतरल्यावर इंजिन गरम असतानाच टॉर्च घेऊन जायचं ते यासाठी. तेलाचा ताजा ओघळ तेव्हाच दिसतो, तासाभरानं त्यावर धूळ बसली की तो जुना डाग वाटतो.

'ड्रोन' या एका शब्दाखाली फार वेगवेगळी यंत्रं येतात, तेव्हा कुठल्या शाखेत जाताय ते आधी विचारा. प्रिडेटर किंवा हेरॉनसारख्या मोठ्या विमानात रोटॅक्स ९१४ हे चार सिलिंडरचं टर्बो इंजिन असतं, ११५ अश्वशक्तीचं. तेच कुटुंब हौशी वैमानिकांच्या हलक्या विमानांतही सापडतं. तिथलं काम म्हणजे जवळजवळ विमान मेकॅनिकचंच: तेल, स्पार्क प्लग, एक्झॉस्टला गेलेले तडे. त्याहून लहान आरक्यू-७ शॅडो या ड्रोनचं इंजिन वँकेल जातीचं, सुमारे ३८ अश्वशक्तीचं. त्यात पिस्टन वरखाली होत नाही, तिकोनी रोटर गोल फिरतो, आणि त्याच्या टोकांवरची सील झिजली की ताकद हळूहळू उतरते. आणि तिसरी जात म्हणजे पाठीवरच्या पिशवीत मावणारी चार पंख्यांची ड्रोन. तिथं इंजिनाचा संबंधच नाही, सगळा खेळ सोल्डरिंगचा आणि बॅटऱ्यांचा.

(एक फुटकळ माहिती, नवीन मुलांना सांगितली की खोटी वाटते. मेरिलिन मन्रो सिनेमात येण्याआधी कॅलिफोर्नियातल्या रेडिओप्लेन कंपनीच्या कारखान्यात कामाला होती. तिथं तोफखान्याच्या सरावासाठी रेडिओवर चालणारी लक्ष्य-विमानं बनत. १९४५ मध्ये एका लष्करी छायाचित्रकारानं तिथं तिचे फोटो काढले आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. आमच्या धंद्याला एवढंच काय ते ग्लॅमर.)

सुरुवातीचे महिने दुरुस्ती शिकण्यात जात नाहीत, मोजण्यात जातात. हत्यारांच्या पेटीत फोमला प्रत्येक पान्याच्या आकाराची खाच कापलेली असते, म्हणजे एखादी खाच रिकामी असेल तर लांबून दिसते. काम सुरू करताना मोजायचं, संपल्यावर मोजायचं, शिफ्ट बदलताना दोघांनी मिळून मोजायचं. एक नग कमी भरला की ज्या विमानांवर काम झालं ती सगळी थांबतात. एका रात्री आमचा स्क्रू ड्रायव्हरचा एक बिट हरवला, नखाएवढा. दोन विमानांची झाकणं परत उघडली, जमीन झाडली, कचऱ्याची पिशवी उलटी केली. पहाटे तो सापडला तो टॉर्चच्या मागच्या लोहचुंबकाला चिकटलेला. तीच टॉर्च हातात घेऊन आम्ही सहा जण त्याला शोधत होतो. हसू नका, तुमच्यावरही ही वेळ येणार आहे.

सेफ्टी वायर बांधणं हे दुसरं. बोल्ट थरथरीनं उलटा फिरू नये म्हणून त्याच्या डोक्यातल्या भोकातून तार ओवून, पीळ देऊन शेजारच्या बोल्टला बांधतात. ठरावीक जाडीच्या तारेला इंचाला सहा ते आठ पीळ. ओढ नेहमी बोल्ट घट्ट होण्याच्या दिशेनं हवी. उलट्या दिशेनं बांधलेली तार दिसायला तितकीच सुबक दिसते आणि काहीही उपयोगाची नसते. पहिल्या वीस तारा उस्ताद तुमच्यासमोर कापून टाकेल. बोटांना टोचतात, राग येतो. येऊ द्या.

पंखांची आणि धडाची कातडी बहुतेक कार्बन किंवा काचेच्या तंतूंची, राळेत बसवलेली. तिला पोचा पडत नाही, म्हणून बाहेरून धडधाकट दिसते आणि आत थर सुटलेले असतात. तपासायची सर्वात जुनी पद्धत म्हणजे नाण्यानं टकटक करत जाणं. चांगल्या भागावर आवाज टणत्कार येतो, थर सुटलेल्या जागी बद्द. मडकं विकत घेताना करतात तसंच. यासाठी शांतता लागते आणि हँगरमध्ये शांतता कधीच नसते, म्हणून मी हे काम रात्रपाळीला ठेवायचो.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणाऱ्या प्रकाराबद्दल: मधूनच येणारा फॉल्ट. जमिनीवर सगळं ठीक, वर गेल्यावर चाळीस मिनिटांनी कॅमेऱ्याचं चित्र जातं, खाली येईपर्यंत परत येतं. तुम्ही तपासता, काही सापडत नाही, 'दोष आढळला नाही' लिहून विमान परत देता. दुसऱ्या दिवशी तेच. माझ्या वाट्याला असं एक प्रकरण तीन आठवडे होतं. कॅमेऱ्याचा गिंबल, म्हणजे त्याला स्थिर धरणारी फिरती चौकट, बदलला, व्हिडिओ ट्रान्समीटर बदलला, त्यांना जोडणारी केबल सोडून सगळं बदलून झालं, कारण केबल मल्टीमीटरवर उत्तम होती. शेवटी एका ज्येष्ठ बाईंनी, ज्यांनी आयुष्यभर रडारचं वायरिंग केलं होतं, विचारलं, "वर थंडी किती असते?" मग आम्ही सर्किट थंड करायचा स्प्रे घेतला आणि एकेका कनेक्टरवर मारत गेलो. चौथ्यावर चित्र गेलं. कनेक्टरमधली एक पिन नीट अडकलेली नव्हती, मागं सरकली होती. उबेत टेकायची, थंडीत आकसून सुटायची. हजारो रुपयांचे काय, लाखोंचे डबे, म्हणजे गिंबल-ट्रान्समीटरसारखे अख्खे भाग, बदलून झाले होते आणि रोग पिनेत होता. तेव्हापासून माझा क्रम पक्का आहे: आधी कनेक्टर, मग वायर, मग डबा. आणि फॉल्ट जमिनीवर पुन्हा घडवून आणता आला नाही तोवर तो दुरुस्त झाला असं मी मानत नाही.

आणि आता माझी स्वतःची चूक, कारण ती सांगितल्याशिवाय बाकीचं सांगायचा मला अधिकार नाही. एका विमानाच्या एलेरॉनचे सर्वो बदलायचे होते. एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची वरखाली होणारी पट्टी, जिच्यामुळे विमान कलतं, आणि सर्वो म्हणजे तिला हलवणारी छोटी मोटर. सर्वो बहुतेक वेळ मध्याच्या आसपासच हलत असतो, त्यामुळे आतला पोटेन्शिओमीटर, म्हणजे सर्वो किती फिरलाय ते मोजणारा भाग, नेमका तिथंच झिजतो आणि एलेरॉन बारीक थरथरायला लागतं. मी बदलले, केबल जोडल्या, लॅपटॉपवर कमांड दिली. पडद्यावरची रेघ हलली, बाहेरून एलेरॉन हलल्याचा आवाज आला. सही करायला पेन काढलं. नियमाप्रमाणे दुसऱ्या माणसानं स्वतंत्र तपासणी करायची असते. तो विमानामागं उभा राहून ओरडला, "उजवीकडे वळव म्हणालास ना? मग उजवा खाली का?" दोन केबलची अदलाबदल झाली होती. रेघ हलत होती ती मी दिलेल्या कमांडची. पंख काय करतोय हे ती दाखवतच नव्हती. ते विमान उडालं असतं तर ऑटोपायलटनं डावीकडचा कल सावरायला आणखी डावीकडे ढकललं असतं आणि काही सेकंदांत खेळ संपला असता. म्हणून सर्वोला हात लावलात की एकानं कमांड द्यायची, दुसऱ्यानं बाहेर उभं राहून दिसतंय ते मोठ्यानं बोलायचं. 'हललं' असं बोलायचं नाही. 'उजवा वर, डावा खाली' असं बोलायचं.

ऑटोपायलटचा असाच भाबडेपणा पिटो नळीच्या बाबतीत दिसतो. समोरून येणाऱ्या हवेच्या दाबावरून वेग मोजणारी ही बारीक नळी. उभ्या विमानात तिच्यावर लाल फीत लावलेलं झाकण नसेल तर एखादी गांधीलमाशी एका दिवसात तिच्यात माती भरते. माणूस वैमानिक असला तर त्याला शंका तरी येते, की इंजिन पूर्ण ताकदीवर आहे आणि वेग इतका कमी कसा. ड्रोनचं सॉफ्टवेअर बऱ्याचदा आकड्यावर विश्वास ठेवतं.

लहान ड्रोनच्या वर्कशॉपचं जग निराळं. २०२२ नंतर युक्रेनच्या युद्धात छोटी एफपीव्ही ड्रोन (उडवणारा ड्रोनच्याच कॅमेऱ्यातून पाहत उडवतो ती) इतक्या संख्येनं वापरली गेली की आघाडीच्या मागं तळघरांत दुरुस्तीची टेबलं उभी राहिली. तिथं लॉगबुकपेक्षा वेग मोठा. तीन मोडक्यांतून एक चालू करायचं, फ्रेमचे तुकडे थ्रीडी प्रिंटरवर छापायचे, शत्रूनं जॅम केलेली फ्रिक्वेन्सी सोडून दुसरीवर जाण्यासाठी ट्रान्समीटर आणि अँटेना बदलायचे. या कामात जायचं असेल तर सोल्डरिंग आधी घरी शिका. शिसं असलेला ६३-३७ सोल्डर (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) १८३ अंशांना वितळतो, बिनशिशाचा २१७ च्या पुढं, आणि बॅटरीची जाड वायर उष्णता एवढी ओढून घेते की बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न तिथं हात टेकतं. अँटेना न लावता व्हिडिओ ट्रान्समीटर चालू करू नका, जळू शकतो. नवीन माणूस एकदा तरी हे करतोच.

लिथियम पॉलिमर बॅटरीबद्दल मात्र गंमत नाही. एका सेलचं पूर्ण चार्जिंग ४.२ व्होल्टला, आणि तीन व्होल्टच्या खाली गेला की तो खराब होऊ लागतो. ठेवून द्यायचा असेल तर साधारण ३.८ वर ठेवतात. फुगलेली बॅटरी 'अजून एक फेरी मारेल' म्हणून कोणी दिली तर घेऊ नका, देणारा हुद्द्यानं कितीही वरचा असो. मी एक पेटताना पाहिली आहे. आधी फुसफुस आवाज, मग पांढरा धूर, आणि पुढचं विचार करायला वेळ मिळत नाही. चार्जिंगच्या टेबलाशेजारी वाळूची बादली असते. ती रिकामी किंवा कचऱ्यानं भरलेली दिसली तर त्या वर्कशॉपबद्दल तुम्हाला बरंच कळतं.

भरतीच्या वेळी एक गोष्ट कोणी बोलत नाही. हे लष्करी यंत्र आहे. काही विमानं पंखाखाली काहीतरी घेऊन जातात आणि परत येतात तेव्हा ती जागा रिकामी असते. तुम्ही बसवलेला सर्वो नीट चालला याचा तो अर्थ असतो, आणि आणखीही काही असतो. मला कोणी काय झालं ते सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. काहींना ही मधली भिंत सोयीची वाटते. माझ्याबरोबरच्या एकानं याच कारणानं काम सोडलं, तो चांगला कारागीर होता. तुमचं उत्तर काय असेल ते मी ठरवू शकत नाही, पण सही करण्याआधी ते स्वतःशी बोलून घ्या.

बाकी किरकोळ. पाठ सांभाळा, अर्धं काम वाकून किंवा पाठीवर झोपून असतं. नोंदी स्पष्ट लिहा: 'इंजिन तपासलं' ही नोंद नव्हे, 'तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काळा, बदलला' ही नोंद. आपल्या कामाबद्दल बाहेर बोलता येत नाही, त्याची सवय घरच्यांनाही लावावी लागते. बाहेर पडल्यावर विमान देखभाल, पवनचक्क्यांची पाती, शेतीवर फवारणारी ड्रोन अशा ठिकाणी हे कौशल्य चालतं, मात्र नागरी परवान्याच्या परीक्षा बहुतेक वेगळ्या द्याव्या लागतात, तेव्हा नोकरीत असतानाच अभ्यास सुरू करा. आणि अर्ज भरण्याआधी डोळे तपासून घ्या, विशेषतः रंगांसाठी. कॅमेऱ्यातली आर्द्रता शोषणारे दाणे निळ्याचे गुलाबी झाले की बदलायचे असतात, आणि वायरच्या एका जुडग्यात हिरवी, तपकिरी आणि लाल शेजारी शेजारी असते.