मन बिघडलं की खरेदी? हा फेरा असा मोडा

पार्सल दारात येतं आणि ते उघडायचीही इच्छा उरलेली नसते. मागवताना मात्र त्या वस्तूवाचून सगळं अडलं होतं. असं वरचेवर होत असेल, तर लगेच बजेट मांडायला बसू नका. मी वर्षानुवर्षं तेच केलं. पहिल्या वाईट दिवशी बजेट कोलमडायचं आणि मग अपराधी वाटून आणखी एक खरेदी व्हायची. आधी खर्चाची वेळ शोधा, रकमेचं नंतर बघू.

१. मनाचा रकाना

बँकेची आणि कार्डाची मागच्या तीन महिन्यांची स्टेटमेंट काढा. भाडं, वीजबिल, किराणा, औषधं बाजूला ठेवा. उरलेल्या प्रत्येक नोंदीपुढे वार, वेळ आणि त्या दिवशीचं मन एका शब्दात लिहा: कंटाळा, भांडण, एकटेपणा, पगार झाल्याचा आनंद. आनंदही लिहाच, तोही भरपूर खर्च करवतो. वेळ आठवत नसेल तर ऑर्डरच्या मेसेजवर सापडते.

हे शक्यतो वहीत, हातानं करा. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ साली घरखर्चाची वही, म्हणजे ‘काकेइबो’, लोकांपुढे आणली. ती पद्धत आजही टिकून आहे. ॲप हिशेब आपोआप करून टाकतं, पण आपल्याला तर त्या नोंदीपाशी क्षणभर थांबायचं आहे.

पानभर नोंदी झाल्या की बहुधा एखादी ठरावीक वेळ डोळ्यांत भरते. माझी होती रात्री अकरानंतरची, घर निजल्यावरची.

२. त्या वेळेला दुसरं काही द्या

खरेदीनं बरं वाटतं हे खोटं नाही. स्कॉट रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१४ च्या संशोधनात दिसलं, की काय घ्यायचं ते निवडण्यानं मनात रेंगाळणारं दुःख कमी होतं, कारण काहीतरी आपल्या हातात आहे असं वाटू लागतं. म्हणून नुसतं ‘मन दुसरीकडे वळवा’ हा सल्ला मला अपुरा वाटतो. त्या वेळी असं काम घ्या ज्यात निर्णय तुमचा असेल: कपाट लावणं, उद्याचा दिवस आखणं, टाळलेला एक फोन कोणाला करायचा ते ठरवणं. हवी असलेली वस्तूही निवडा, पण तारीख घालून यादीत लिहा. दोन दिवसांनी यादी पुन्हा वाचा.

३. पैसे देणं अवघड करा

ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली होती. कार्डानं पैसे देणाऱ्यांची सरासरी बोली रोखीवाल्यांच्या जवळपास दुप्पट निघाली. तेव्हा साठवलेले कार्ड नंबर सगळीकडून काढून टाका, सेलच्या सूचना बंद करा. हौसेची रक्कम महिन्याच्या सुरुवातीला वेगळी काढा. ती शून्यावर आणू नका, शून्य टिकत नाही.

४. साचलेलं कर्ज

आता वहीत सगळी थकबाकी व्याजदरासकट एका पानावर मांडा. कार्डाचं व्याज महिना ३ टक्के असेल आणि ते थकबाकीत मिळत गेलं, तर वर्षाला ४२ टक्क्यांवर जातं. नुसती किमान रक्कम भरत राहिलात तर मुद्दल जेमतेम हलतं. सगळीकडे किमान भरा आणि वरचे पैसे एकाच कर्जावर घाला. हिशेबानं पाहिलं तर सर्वांत जास्त व्याजाचं कर्ज आधी. पण ज्याचा खर्च मनःस्थितीवर चालतो, त्याला मी सर्वांत लहान कर्ज आधी फेडायला सांगेन. एक खातं पूर्ण मिटलेलं दिसलं की पुढचं फेडायला बळ येतं. तोवर कार्ड वापरू नका.

पार्सलं लपवावी लागत असतील, खरेदीसाठी उसने पैसे घ्यावे लागत असतील, तर एकट्यानं झुंजू नका. समुपदेशकाकडे जा, आणि घरातल्या एका माणसाला खरा आकडा सांगा.

५. घसरलात तर

घसरण होणारच. त्या रात्री वही उघडून नोंद करा, मनाचा रकाना भरा. वस्तू आली की तिचं लेबल काढू नका आणि परत करण्याची शेवटची तारीख खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.