जखमेच्या डब्यात बॉलपेन हवंच

पावसाळ्यात विळी, खवणी, कोयता, कुंपणाची तार, कशाने ना कशाने घरात कुणाचं तरी बोट कापतंच. गौरी-गणपतीत तर एकाच स्वयंपाकघरात चार-पाच जणी सुरण, अळू, नारळ घेऊन बसलेल्या असतात. डबा आधीच भरून ठेवा. निर्जंतुक गॉझची बंद पाकिटं, चिकटपट्टी, कात्री, पॉव्हिडोन आयोडीनचं मलम, व्हॅसलीन, थर्मामीटर. कापूस थेट जखमेवर ठेवायचा नाही, तंतू आत अडकतात. आणि एक चालू स्थितीतलं बॉलपेन. मागच्या वेळी आमच्याकडे बाकी सगळं होतं, पेनाचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही, आणि जखमेभोवतीची लाली वाढतेय की उतरतेय यावर घरात नुसती चर्चा होत राहिली. ते पेन डब्यात टाका, मग पुढचं वाचा.

कापल्याबरोबर आधी त्या हातातली अंगठी आणि बांगड्या काढा. बोट सुजलं की अंगठी निघत नाही, मग ती कापावी लागते. स्वच्छ गॉझ किंवा धुतलेलं फडकं घट्ट दाबून धरा, दहा मिनिटं, मध्ये उचलून बघायचं नाही. दर मिनिटाला उचललं तर धरलेली गुठळी सुटते आणि रक्त पुन्हा सुरू होतं. रक्त थांबलं की पिण्याच्या पाण्याच्या नळाखाली पाच-दहा मिनिटं धुवा, साबण भोवतीच्या कातडीला. रक्त थांबतच नसेल, कडा उघड्या राहत असतील, बोट वाकत किंवा सरळ होत नसेल, टोक बधिर असेल, तर घरी काही करत बसू नका. त्याच दिवशी, लवकरात लवकर डॉक्टरकडे. टाके घालायला जितका उशीर, तितका जंतुसंसर्गाचा धोका जास्त. कुत्र्याने किंवा मांजराने चावलं असेल तर प्रश्नच वेगळा: साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी लगेच निघा.

आता हळद. घरातल्या वडीलधाऱ्यांना वाईट वाटेल, तरी सांगते. जखम भरायला हळद वापरण्यावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेलं पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं, ते डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी विज्ञान-संशोधन संस्थेने दिलेल्या लढ्यामुळे. त्याचा अभिमान आहेच. पण तो निकाल एवढंच सांगत होता की ही माहिती नवी नाही, आपल्याकडे ती आधीपासून होती. डब्यातली, ओल्या चमच्याने काढलेली हळद जंतुविरहित असते असं त्यात कुठेही नव्हतं. आणि माझी खरी हरकत दुसरीच आहे: हळद भरली की जखमेचा रंग दिसत नाही. कुंकू, चुना, कॉफी, राख, टूथपेस्ट, सगळ्यांचं तेच. मेडिकलमधून आणलेली पावडरही थराथराने थापली की वर खपली आणि खाली पू, असं होऊ शकतं. नुसतं स्पिरिट किंवा न पातळ केलेलं डेटॉल रोज ओतू नका, त्याने भरून येणाऱ्या पेशीही मरतात. पातळ थर व्हॅसलीन किंवा मलम, वर गॉझ, पुरे. जखमेला 'हवा लागू दे' हेही सोडा. झाकलेली, किंचित ओलसर जखम लवकर भरते.

पट्टी रोज बदला, आणि ओली झाली की लगेच. बदलताना उजेडात बघा, आणि पेन घ्या. लाली जिथे संपते तिथे, जखमेपासून दूर, धड कातडीवर, गोल रेघ मारा. शेजारी तारीख आणि वेळ लिहा. दुसऱ्या दिवशी लाली रेघेच्या आत असेल तर ठीक. रेघ ओलांडली असेल तर डॉक्टर. 'कालच्यापेक्षा जरा कमी वाटतंय' हे चालणार नाही, कालचं कुणाला नेमकं आठवत नाही. फोटो काढा हवं तर, पण दिव्याप्रमाणे फोटोत रंग बदलतो, रेघ बदलत नाही. अंघोळीत पुसली तर त्याच जागी पुन्हा मारा. सावळ्या कातडीवर लाली जांभळट किंवा नुसती गडद दिसते. तिथे हाताची मागची बाजू लावून दुसऱ्या हाताच्या त्याच बोटाशी ऊब ताडून बघा, आणि सुजेच्या कडेने रेघ मारा. पण मारा.

पहिले दोन-तीन दिवस कडेला थोडी लाली, थोडी सूज, पातळ पिवळसर पाणी, हे भरून येण्याचंच लक्षण. नंतर उतरायला हवं. दुखणं उतरण्याऐवजी वाढलं, ठणका लागला, घट्ट पू किंवा घाण वास आला, तर त्याच दिवशी दाखवा. जखमेपासून वर चढत जाणारी तांबडी रेषा, काखेत किंवा जांघेत अवधाण (सुजलेली, दुखरी गाठ), थंडी वाजून ताप, १००.४ फॅरनहाइटच्या वर: रात्र असली तरी निघा. जखम दिसते त्यापेक्षा भयंकर दुखत असेल, कातडी काळी पडत असेल, फोड येत असतील, तर थेट मोठ्या रुग्णालयात. मागच्या आजारातल्या उरलेल्या कॅप्सूल घेऊ नका.

धनुर्वाताचं इंजेक्शन: गंजाचा संबंध नाही, जंतू मातीत आणि शेणात असतात. जखम मळलेली आणि शेवटच्या डोसला पाच वर्षं होऊन गेली असतील तर घ्या. स्वच्छ, लहान जखमेला दहा वर्षं. लहानपणचे डोस पूर्ण झाले की नाही हे माहीत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा. तारीख डब्याच्या झाकणावर लिहा, पेन आहेच.

मधुमेह असेल तर पायाची जखम दुखेलच असं नाही, म्हणून तळवा आरशात रोज बघा, आणि छोटी असली तरी दाखवा. तुंबलेल्या पाण्यात उघडी जखम घेऊन उतरू नका. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) तिथूनच शिरतो. २००५ च्या २६ जुलैच्या पुरानंतर मुंबईत त्याचे रुग्ण वाढले होते. उतरावंच लागलं तर डॉक्टरांना विचारून तो टाळायची गोळी घ्या, ताप आला तर पाण्यात उतरल्याचं सांगा.

टाके काढायचे ते हाताचे साधारण सात ते दहा दिवसांनी, चेहऱ्याचे पाचच्या आसपास; सांध्यावरचे उशिरा. घरी कापू नका. मलमाची मुदत तपासा.