लॅशेनेलियाची रोपं कोलमडत होती, त्यावर जमलेला उपाय

लॅशेनेलिया हा दक्षिण आफ्रिकेतल्या केप भागातला कंद. तिकडे पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा, म्हणजे आपल्या सोलापूरच्या नेमकं उलट. बी जेमतेम मिलिमीटरभर, काळंभोर आणि चकचकीत. उगवायचं छान, पण नंतर रोपं मातीलगत बारीक होऊन पटापट आडवी पडायची. मर रोग, दुसरं काय! बुरशीनाशकाने फारसा फरक पडला नाही.

जमलं ते असं. ऑक्टोबरच्या उकाड्यात पेरायचंच नाही. दिवाळी उलटून रात्री पांघरूण लागायला लागलं की मगच बी काढायचं. निम्म्याहून जास्त जाड वाळू, बाकी कोकोपीट. शेणखत अजिबात नको (आमच्या आईला हे अजून पटलेलं नाही). बियांवर वाळूचा पातळ थर द्यायचा. पाणी वरून कधीच नाही; भोकाचा ट्रे पाण्याच्या परातीत ठेवायचा आणि वरची वाळू गडद झाली की लगेच उचलायचा. एरवी तो मातीच्या परळात, ओल्या वाळूवर. आपल्या कोरड्या हवेत वाळूतलं पाणी उडत राहतं आणि मुळं गार राहतात.

उन्हं तापली की पानं पिवळी पडतात. तेव्हा पाणी बंद. ज्वारीच्या दाण्याएवढे कंद कोरड्या वाळूत, सावलीत ठेवायचे, पावसाळाभरसुद्धा. पुन्हा थंडीला लावायचे. फुलं बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हिवाळ्यात येतात, त्यामुळे कुंडीवर पेरणीचं साल लिहून ठेवा.