डार्टमूरचे प्राचीन दगड पाहायला जाताय? या चुका टाळा

स्टोनहेंजचे प्रचंड दगड पाहून मनात बसलेली मापं घेऊन डार्टमूरवर जाऊ नका. इंग्लंडच्या नैऋत्येला, डेव्हनमध्ये पसरलेल्या या उघड्या, ओलसर माळावर ब्राँझयुगातल्या ७० हून अधिक दगडी रांगा आहेत. पण त्यातले बरेचसे दगड गुडघ्याएवढेही नाहीत. मेरिव्हेलच्या रांगा टॅव्हिस्टॉक-प्रिन्सटाउन रस्त्यापासून अगदी जवळ आहेत, तरी कितीतरी लोक गाडीतूनच नजर टाकून ‘इथे काहीच नाही’ म्हणत पुढे निघतात. फार वाईट वाटतं.

तिथे खाली उतरा आणि रांगेच्या एका टोकाला उकिडवे बसा. दोन-दोन दगडांच्या जोड्या माळावर सरळ रेषेत दूरवर गेलेल्या दिसतील आणि टोकाला रांग बंद करणारा मोठा दगड दिसेल. अशा दोन दुहेरी रांगा आहेत आणि त्यांच्या मधून पाण्याचा एक अरुंद पाट वाहतो, तो मात्र अलीकडचा. दक्षिणेकडच्या रांगेजवळ दगडी पेटीसारखी एक कबर आहे. तिच्या झाकणाचा मधला पट्टा १९ व्या शतकात कुणीतरी फाटकाच्या खांबासाठी कापून नेला, त्यामुळे आज दोन तुकड्यांमधून आतला खड्डा दिसतो. हे सगळं पाहायला निवांत वेळ हवा. एका दिवसात पाच ठिकाणं उरकू नका, दोन पुरेत.

‘दगड सापडतच नाहीत’

बहुधा तुम्ही पोस्टकोड टाकून निघालेले असता. इथे एक पोस्टकोड मैलभर पसरलेला असतो आणि तो तुम्हाला एखाद्या शेतकऱ्याच्या अंगणात नेऊन सोडतो. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा-संस्थेचा ओएल२८ हा कागदी नकाशा घ्या. त्यावर प्राचीन अवशेषांची नावं जुन्या वळणाच्या गॉथिक अक्षरांत छापलेली असतात, ती ओळखायला शिका. मोबाईलला रेंज अनेक ठिकाणी नसतेच.

दुसरं कारण ऋतू. जुलै-ऑगस्टमध्ये ब्रॅकन नावाचं नेचं कमरेइतकं वाढतं आणि लहान दगड त्यात बुडून जातात. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये ते वाळून आडवं झालेलं असतं. त्या दिवसांत सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन मिळालं तर जमिनीतले उंचवटेही सावलीमुळे उठून दिसतात.

प्रत्येक गोल म्हणजे उभ्या दगडांचं वर्तुळ नसतं

ही चूक जाणकारही करतात. ग्रिम्सपाउंडला दगडी कोटाच्या आत २४ गोल आहेत, पण ती घरं होती: जाड भिंत, दरवाजाची फट, एका ठिकाणी वारा अडवायला वळवलेला आडोसा. स्कॉरहिलसारख्या वर्तुळात मात्र सुटे, उभे दगड असतात. काही लांबट मातीचे ढिगारे थडगी वाटतात, पण ते मध्ययुगानंतर ससे पाळायला केलेले असतात. नदीकाठचे खडबडीत ढीग बहुतेक कथिल काढणाऱ्यांचे.

नागपूरजवळ जुनापाणीची वर्तुळं पाहिलेल्या माणसाला वर्तुळ म्हणजे दफन असंच वाटतं. तिथे ते खरं आहे. ती लोहयुगातली, म्हणजे डार्टमूरच्या वर्तुळांपेक्षा हजारएक वर्षांनी तरी अलीकडची. डार्टमूरवर तसं धरून चालू नका. फर्नवर्दीच्या वर्तुळात उत्खनन झालं तेव्हा जमिनीवर कोळसा पसरलेला मिळाला. तिथे आग पेटवली जायची, एवढं नक्की.

पाय कुठे ठेवाल?

चमकदार हिरवं, गुळगुळीत शेवाळ दिसलं की थांबा. खाली दलदल असते. आल्या वाटेने मागे फिरा. धुकं पाहता पाहता उतरतं, म्हणून होकायंत्र वापरता येत नसेल तर रस्त्यापासून फार आत जाऊ नका. उत्तरेकडच्या भागात लष्कराचा गोळीबाराचा सराव चालतो. निघण्याआधी सरकारी संकेतस्थळावर वेळा बघा. लाल निशाण फडकत असेल तर हद्दीच्या लाल-पांढऱ्या खांबांपलीकडे जायचं नाही आणि पडलेल्या कुठल्याही धातूच्या वस्तूला हात लावायचा नाही.

दगड एकमेकांवर रचून ठेवणं, फटीत मेणबत्ती लावणं, ‘आठवण’ म्हणून खडा उचलणं, यातलं काहीही करू नका. यातले बरेच अवशेष १९७९ च्या कायद्याने संरक्षित आहेत आणि त्यांची नासधूस करणं गुन्हा आहे. अशा ठिकाणी परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर वापरणंही. २०११ मध्ये व्हाइटहॉर्स हिलवरची कबर शास्त्रशुद्ध उघडली, तेव्हा पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या ओल्या मातीत अस्वलाचं कातडं, विणलेली टोपली आणि अंबरचे मणी टिकलेले मिळाले. कुणी आधी उकरलं असतं तर हे सगळं गेलं असतं.

मुक्कामी परतल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला गोचीड आहे का ते बघा. नेच्यातून चाललात तर हमखास. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, पिळू नका. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी पसरत जाणारा लाल चट्टा उठला तर लगेच डॉक्टरांना दाखवा, गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम रोगाची शक्यता असते.